क्लॅरिनेटच्या दोन खुर्च्या

सिंफनी ऑर्केस्ट्रात साधारण साठ ते शंभर वादक बसतात. त्यातले निम्म्याहून जास्त व्हायोलिन, व्हिओला, चेलो असली तारांची वाद्यं वाजवणारे. फुंकून वाजवायच्या वाद्यांना खुर्च्या मोजक्याच. बासरीला दोन-तीन, ओबोला दोन-तीन, क्लॅरिनेटला बहुतेक वेळा दोन, फार तर तीन-चार. कुणी निवृत्त झालं, सोडून गेलं किंवा वारलं, तरच खुर्ची रिकामी होते. आणि आपल्या देशात व्यावसायिक म्हणावा असा सिंफनी ऑर्केस्ट्रा एकच, मुंबईच्या एनसीपीएत २००६ साली सुरू झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. त्यातही परदेशातून येणाऱ्या वादकांची संख्या पहिल्यापासून मोठी आहे.

हे मी गंमत म्हणून मोजलेलं नाही. माझा भाचा सोळा वर्षांचा आहे, येलदरीला राहतो, क्लॅरिनेट वाजवतो, आणि त्याला त्या दोनातल्या एका खुर्चीवर बसायचंय.

येलदरी म्हणजे जिंतूर तालुक्यातलं धरणाचं गाव. पूर्णा नदी, धरण, वीजघर. बाहेरच्या लोकांना हे नाव कळतं ते पावसाळ्यात, तेही टक्क्यांसोबत: येलदरी इतके टक्के भरलं. भाचा वाजवायला पाण्याकडं तोंड करून बसतो, कारण घरात वाजवलं की शेजारचे विचारतात, आज कोणाची वरात?

प्रश्न तसा चुकीचा नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून वाजवायचं काम आहे. आधी हलगी आणि सनई, मग बँड. भाचा क्लॅरिनेट शिकला तो बँडमध्येच, काकाच्या बोटांकडं बघून. गाणं मोबाईलवर तीनदा ऐकायचं, चौथ्यांदा वाजवायचं. मग कधीतरी त्याला यूट्यूबवर मोझार्टचा क्लॅरिनेट कन्चेर्टो सापडला आणि त्याने मला फोन केला, "मामा, हे आपलंच वाजंत्रंय का?" आमच्याकडं 'ऑर्केस्ट्रा' म्हणजे गणपतीत स्टेजवर हिंदी गाणी म्हणणारी, झगमगीत कोट घातलेली पार्टी. तो शब्द बदलून त्याच्या डोक्यात दुसरा ऑर्केस्ट्रा बसायला वर्षभर लागलं. आता तो निघत नाही.

बहिणीने मला विचारलं ते एवढंच, "दादा, जागा किती असतेत हे खरं सांगावं का लेकराला, का वाजवू द्यावं असंच?"

वरवर हा प्रश्न करिअरचा वाटतो. मला तो नीतीचा वाटतो. एखाद्याच्या इच्छेला आकडा दाखवायचा हक्क आपल्याला कधी असतो? आकडा सांगितला तर ती इच्छा मरू शकते. नाही सांगितला तर त्याची दहा वर्षं आपण त्याला न विचारता खर्च केल्यासारखं होतं.

यावर आपल्याकडं दोन तयार उत्तरं आहेत. पहिलं, "स्कोप काय?" त्याबद्दल जास्त बोलण्यात अर्थ नाही, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. दुसरं जास्त गोड आहे, म्हणून जास्त घातक. "कलेची साधना करावी, फळाची अपेक्षा धरू नये." गीतेतला निष्काम कर्माचा विचार मोठा आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण तो कोण कोणाला सांगतंय, हे मी बघतो. ज्याच्या घरी फळं आधीच येऊन पडली आहेत, तो ज्याच्या घरी झाडच नाही त्याला सांगतो की फळाकडं बघू नको. बँडवाल्याच्या पोराने ऑक्टोबर ते जून ओठ फाटेस्तोवर वाजवायचं आणि बिदागीचा विषय काढला की त्याची कला बाटली? स्वतःहून सोडलेली अपेक्षा म्हणजे निष्कामता. अपेक्षा धरायची सोयच नसणं म्हणजे निव्वळ गरिबी. दोन्हींना एकच शब्द वापरणं मला बरं वाटत नाही.

आणि जागा कमी आहेत म्हणून स्वप्न वेडं, हे तरी आपण कुठं सगळीकडं लावतो? परभणीतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा. शे-दीडशे पोरं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली असतात. त्यातल्या बहुतेकांना पद मिळणार नाही हे त्यांना माहीत आहे, त्यांच्या आईबापांना माहीत आहे, खुर्चीचं भाडं घेणाऱ्यालाही माहीत आहे. पहाटे जिंतूरच्या रस्त्यावर भरतीसाठी सोळाशे मीटर पळणारी पोरं दिसतात. त्यांना कुणी वेडं म्हणत नाही, उलट शाबासकी देतात. (पोलीस भरतीत बँडस्मनचीही पदं निघतात. बहिणीने ती जाहिरात जपून ठेवली आहे. मैदान आणि लेखी मात्र तिथंही चुकत नाही.) म्हणजे अडचण शंभरात एकाला मिळण्याची नाही. कलेक्टरच्या खुर्चीचं स्वप्न नव्व्याण्णव जणांचं हुकलं तरी ते इज्जतदार स्वप्न असतं. क्लॅरिनेटच्या खुर्चीचं स्वप्न पूर्ण झालं तरी गावात कळणार काय, की पोरगं अजून पिपाणीच वाजवतंय.

पिपाणी. या शब्दात पुष्कळ काही आलं.

वरातीत बँड सगळ्यात पुढं चालतो आणि जेवायला सगळ्यात मागं बसतो. जुन्या देवळांत नगारखाना असतो तो दरवाजावर, म्हणजे देवाला जाग आणणाऱ्याने दाराबाहेरच थांबायचं. तोंडाने वाजवायचं वाद्य म्हणजे उष्टं वाद्य, चामड्याचं म्हणजे विटाळाचं, आणि दोन्ही ज्यांच्या वाट्याला आली त्यांची नावं सांगायची गरज नाही. मराठवाड्यात ते आम्ही मातंग, इतरत्र होलार, घडशी, गुरव. बिस्मिल्ला खाँनी सनई दारावरून मैफलीत नेली, २००१ साली त्यांना भारतरत्न मिळालं. ही फार मोठी गोष्ट झाली, फक्त ती एका माणसाची झाली. लग्नातल्या सनईवाल्याची सतरंजी आहे तिथंच आहे.

मी भाच्याला एकदा विचारलं, त्या व्हिडिओत तुला नेमकं काय आवडलं? मला वाटलं सूर म्हणेल. तो म्हणाला, "मामा, सगळे बसून वाजवायलेत. आणि समोरचे गप बसून ऐकायलेत."

मग मी त्याला पडद्याबद्दल सांगितलं. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून अनेक ऑर्केस्ट्रांनी निवड चाचणीत वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावायला सुरुवात केली. कोण वाजवतंय ते दिसू नये, फक्त ऐकू यावं. बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे ओळखू येऊ नये म्हणून काही ठिकाणी जमिनीवर गालिचाही टाकला. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. आडनावावरून सगळं ओळखलं जातं अशा मुलखातल्या पोराला हा पडदा म्हणजे काय वाटत असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता.

पण पडद्याची गोष्ट इथं संपत नाही. १९८० साली म्युनिक फिलहार्मोनिकने ट्रॉम्बोनच्या मुख्य जागेसाठी चाचणी घेतली. ३३ उमेदवार, सगळे पडद्यामागून. त्यातली अ‍ॅबी कॉनंट ही अमेरिकन वादक निवडली गेली. ती पडद्याबाहेर आली तेव्हा परीक्षकांना कळलं की ही बाई आहे. चाचणीचं बोलावणं तिला 'श्रीयुत' म्हणून गेलं होतं. पुढं तिला मुख्य जागेवरून दुसऱ्या जागेवर उतरवण्यात आलं, म्हणणं असं की मुख्य ट्रॉम्बोनला पुरुषच हवा, एवढा दम बाईला पुरत नाही. ती कोर्टात गेली. आपल्या छातीत किती हवा मावते हे सिद्ध करायला तिला दवाखान्यात जाऊन फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी लागली. तपासणीत फुप्फुसं उत्तम निघाली. पद आणि पगाराची ही लढाई १९९३पर्यंत चालली. तेरा वर्षं. वाजवून दाखवलेलं पुरत नाही, श्वासाचंही प्रमाणपत्र लागतं, हे काही आपल्याच गावापुरतं नाही, एवढा दिलासा घ्यायचा तर घ्या.

पडद्याला आणखी एक भोक आहे आणि मला ते जास्त सतावतं. पडदा जात लपवतो, बाईपण लपवतो. पैसा लपवत नाही. भाच्याचं क्लॅरिनेट मेरठचं आहे. आपल्या देशातल्या बँडची बरीचशी वाद्यं तिथल्या जली कोठी बाजारातून येतात. त्याची बोटांची रचना जुन्या पद्धतीची. जगातल्या बहुतेक ऑर्केस्ट्रांत वापरतात ती बोएम पद्धत वेगळी. म्हणजे दहा वर्षं बोटांत मुरलेलं विसरून नव्याने बोटं बसवायची. वर त्याला नोटेशन वाचता येत नाही. आणि फुंकवाद्याचा स्वभाव असा की लपायला जागा नाही. पहिल्या व्हायोलिनला चौदा-सोळा जण एकच ओळ वाजवत असतात, एखाद्याचा सूर हलला तर बाकीचे झाकून नेतात. क्लॅरिनेटची दुसरी खुर्ची म्हणजे एक माणूस, एक ओळ. तो चुकला की अख्ख्या सभागृहाला कळतं.

मग हे सगळं कुणाला जमलं? आपल्याकडं गोव्याच्या लोकांना जमलं, आणि ते त्यांच्या रक्तात संगीत होतं वगैरे म्हणून नव्हे. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चच्या शाळांत पोरांना लहानपणीच नोटेशन वाचायला आणि वाद्य धरायला शिकवत. ती पोरं मुंबईत आली आणि हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रे त्यांनी भरून काढले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी तर १९५८ साली मुंबईत स्वतःचा इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आज त्यांचं नाव लोकांना माहीत आहे ते १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळं. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूची आठवण म्हणून ते नाव तिथं घातलं. पुढं सिंथेसायझर आला आणि स्टुडिओतल्या त्या खुर्च्याही गेल्या. मिळालेली जागासुद्धा कायमची नसते, हेही आकड्यात धरायला हवं.

तर सांगावं की नाही?

इथं मला आमच्या कालव्याचं उदाहरण सुचतं. येलदरीचं पाणी खाली सिद्धेश्वरला जातं, तिथून कालव्याने शेतांना. आवर्तन सुटलं की पाणी आधी हेडच्या शेतकऱ्याला मिळतं, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचेल याची खात्री कुणी देत नाही. म्हणून त्याला कुणी "शेती सोड" म्हणतं का? नाही. आणि "पिकाची आशा न धरता पेर" असंही म्हणत नाही. त्याला एकच गोष्ट हवी असते. यंदा किती आवर्तनं सुटणार, ते पेरणीच्या आधी सांगा. कमी असतील तर तो गव्हाऐवजी हरभरा पेरतो. काही जण कळूनही गहूच पेरतात. तोही त्यांचाच निर्णय, कळून केलेला.

माझं मत हेच झालं. आकडा सांगायचा, पण पेरणीच्या आधी. सोळाव्या वर्षी सांगितलेला आकडा ही माहिती असते. तोच सव्विसाव्या वर्षी कळला तर ती फसवणूक असते, आणि त्यात गोड बोलणारे सगळेच सामील असतात. मात्र सांगणाऱ्याने आकड्यावर थांबायचं नाही. "दोनच जागा आहेत बाबा" म्हणून हात झटकणं फार सोपं आहे, त्याला काही खर्च येत नाही. बहिणीला मी हे म्हणालो तेव्हा ती म्हणाली, "मग सांगणाऱ्यानं फी बी भरावी." मला हे हसण्यावारी नेता आलं नाही. तिचं म्हणणं मी असं समजतो की, ज्या सत्याने समोरच्याचा रस्ता बंद होऊ शकतो, ते सांगणाऱ्याने निदान दुसरा रस्ता कुठून जातो ते बघून ठेवावं. प्रत्येक वेळी पैसेच द्यावे लागतात असं नाही. पण काहीतरी आपल्या खिशातून जायला हवं, वेळ का होईना.

आता गेल्या महिन्यापासून रविवारी रात्री मी त्याला व्हिडिओ कॉलवर नोटेशन शिकवतो. म्हणजे मी आधी आठवडाभर शिकतो आणि मग त्याला शिकवतो. तो माझ्या पुढं कधीच निघून गेला आहे. जागा किती ते त्याला सांगून झालं आहे. सगळं सांगितलं, मुंबईचं, म्युनिकचं, सिंथेसायझरचं, बँडस्मनच्या जाहिरातीचंही. त्याने शांतपणे ऐकलं आणि मग दोनच प्रश्न विचारले. पहिला, बोएमचं जुनं क्लॅरिनेट कितीला पडतं. दुसरा, पडद्यामागून वाजवलं तर मेरठचं वाद्य आहे हे त्यांना ऐकून कळतं का.

मी म्हणालो, कळतं.

"किती वेळात?"

पहिल्या सुरात, मी म्हणालो. तो म्हणाला मग आधी वाद्य बघू, आणि दिवाळीनंतरच्या लग्नतिथी मोजायला लागला.