धृती कशाची?

चिकाटी हा सद्गुण आहे हे आपण इतके गृहीत धरून चालतो की, ती कशापायी धरली होती असे विचारणेही पुष्कळांना औद्धत्याचे वाटते. गीतेच्या अठराव्या अध्यायाला मात्र तसा संकोच वाटत नाही. तेथे धृतीचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन भेद करून, जिच्या योगाने मनुष्य भय, शोक, विषाद आणि मद यांना कवटाळून बसतो ती तामस, असा निवाडा दिलेला आहे. या निवाड्याची प्रचीती अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांच्या इतिहासात जशी येते तशी क्वचितच अन्यत्र येत असेल.

अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ च्या जूनपासून नऊ महिन्यांहून अधिक काळ, दक्षिणेच्या जनरल ली यांच्या सैन्याने पीटर्सबर्गच्या खंदकांत उपासमार सोसून जो टिकाव धरला, त्याला शौर्य म्हणण्यास हरकत नाही. परंतु काळ्या माणसाची गुलामगिरी हीच दक्षिणेच्या ज्या फुटीर राज्याची कोनशिला असल्याचे त्याच्या उपाध्यक्षांनी, अलेक्झांडर स्टीफन्स यांनी, १८६१ मध्ये सव्हाना येथे जाहीरपणे सांगितले होते, त्या राज्याच्या रक्षणार्थ ते शौर्य खर्ची पडले. १८६५ च्या एप्रिलात ली शरण गेले. दक्षिणेचा शोक आणि मद मात्र शरण गेले नाहीत. चौकाचौकांत पराभूत सेनानींचे पुतळे उभे राहिले आणि काळ्यांना शाळेपासून मतपेटीपर्यंत दूर ठेवणाऱ्या कायद्यांचा अंमल सुरू झाला.

त्याच दक्षिणेत, लुइझियानात, अर्धेलीने जमीन कसणाऱ्या बापाच्या पोटी १९१९ साली एडी रॉबिन्सन जन्मले. पशुखाद्याच्या गिरणीत मजुरी करून ते १९४१ मध्ये ग्रॅम्ब्लिंग येथील काळ्यांच्या छोट्या महाविद्यालयात अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक झाले. हाताखाली पगारी सहायक नसल्याने मैदानावरचे गवत कापणे, रेषा आखणे, खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधणे आणि सामना संपताच त्याचे वृत्त लिहून वर्तमानपत्राकडे धाडणे, ही सारी कामे तेच करीत. सकाळी वसतिगृहात घंटा वाजवीत ते मुलांना उठवीत, कारण मुलाने वर्ग बुडविलेला त्यांना खपत नसे. नेतृत्वाची याहून खरी व्याख्या मला सापडलेली नाही.

त्या भेदभावाच्या कायद्यांखाली निमूटपणे काम करीत राहण्याची अशी सोशिकता म्हणजे अन्यायाला दिलेली मूक संमतीच, असा आक्षेप घेता येईल, आणि तो हलका नाही. रस्त्यावर उतरून कायदे मोडणाऱ्यांवाचून ते कायदे मोडले नसते, हे निर्विवाद आहे. परंतु उघडलेल्या दारातून आत जाणारा माणूस आधी कोणीतरी घडवावा लागतो. काळ्या खेळाडूला बुद्धीने संघ चालविता येणार नाही, या समजुतीला रॉबिन्सन यांचा शिष्य डग विल्यम्स याने १९८८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात, वॉशिंग्टनच्या संघाचे सूत्रचालन करून आणि ४२–१० असा विजय मिळवून जे उत्तर दिले, त्यामागे ग्रॅम्ब्लिंगची शिस्त होती.

१९९७ मध्ये ४०८ विजयांनिशी रॉबिन्सन निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे शेवटचे तीन हंगाम पराभवाचे गेले होते. ते काही वर्षे आधीच बाजूला झाले असते तर बरे झाले असते, असे मला वाटते. त्या वर्षांच्या चिकाटीत राजस आसक्तीचा अंश होता. त्यापूर्वीच्या अर्धशतकाची त्यांची धृती मात्र मी निःशंकपणे सात्त्विक म्हणेन, आणि ली यांच्या खंदकांतील धृतीला तो मान देणार नाही.