शरण आलेल्याचा वाटा



विहारात वंदना झाल्यावर, चार माणसे सतरंजीवर बसली की निरनिराळ्या गोष्टी निघतात. त्यात एक प्रश्न पुनःपुन्हा ऐकू येतो. "आमच्याच वस्तीत नळाला पाणी नाही, आमचीच पोरे शिष्यवृत्तीची वाट पाहत बसली आहेत. मग सरकारने परक्या मुलखातून आलेल्या निर्वासितांवर पैसा का खर्च करावा?" प्रश्न विचारणारा वाईट माणूस नसतो. त्याच्या पोटात खरी भूक असते. म्हणून त्याला गप्प करून चालणार नाही. धम्माच्या प्रकाशात त्याला उत्तर दिले पाहिजे.

प्रथम तथागतांनी काय शिकविले ते पाहू. दीघनिकायात कूटदन्त सुत्त आहे. मगध देशातील खाणुमत गावचा कूटदन्त नावाचा श्रीमंत ब्राह्मण मोठा यज्ञ करावयास निघाला होता. यज्ञासाठी शेकडो बैल, वासरे, शेळ्या, मेंढ्या खांबांना बांधून ठेविल्या होत्या. यज्ञ कसा करावा हे विचारावयास तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला महाविजित राजाची कथा सांगितली. त्या राजालाही यज्ञ करावयाचा होता. पण त्याच्या राज्यात चोऱ्या-दरोडे माजले होते. राजाचा पुरोहित शहाणा होता. तो म्हणाला, अशा वेळी नवा कर बसविणे अधर्म होईल. चोरांना फाशी देऊन किंवा कोंडून ठेवूनही हा रोग जाणार नाही. उपाय एकच आहे. शेती करणाऱ्याला बी-बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला अन्न आणि वेतन दे. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामाला लागले, चोऱ्या थांबल्या, लोक दारे उघडी ठेवून राहू लागले, आणि राजाचा खजिनाही वाढला.

बंधूंनो, या कथेत खजिन्याचे शास्त्र सांगितले आहे. माणसाला हातपाय हलविण्यापुरते साधन दिले तर खजिना रिकामा होत नाही, तो भरतो. निर्वासिताला हेच लागू आहे. तो घरदार, शेत, दुकान सोडून आला आहे, पण त्याचे हात आणि त्याची अक्कल तो बरोबर घेऊन आला आहे. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत १९४७ नंतर सिंधी निर्वासितांना ठेवण्यात आले. त्याच बराकींतून उल्हासनगर उभे राहिले आणि आज तेथे हजारो लोकांना काम मिळते. बियाणे पेरले तर पीक येते, याचे हे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे.

आता दुसरे सुत्त पाहा. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात एका राजाची गोष्ट येते. त्याने प्रजेचे रक्षण केले, पण निर्धनांना धन दिले नाही. दारिद्र्य वाढले आणि कोणीतरी चोरी केली. राजाने चोराला विचारले, तू चोरी का केलीस? तो म्हणाला, पोटासाठी. राजाने त्याला पैसे देऊन सोडून दिले. हे ऐकून इतरांनीही चोरी सुरू केली. मग राजाने शिरच्छेद सुरू केले. त्यावर लोकांनी शस्त्रे घेतली आणि हत्या वाढली. राजाने पैसे दिले नाहीत असे नाही. पण अगोदर, सर्वांना, नियमाने द्यावयाचे ते त्याने दिले नाही. पुढे येऊन जो रडला त्याला तेवढे दिले. मनाला येईल तेव्हा दिलेली भीक आणि नियमाने दिलेला वाटा यांत हा फरक आहे.

हा फरक आपणास पुस्तकातून शिकावा लागत नाही. परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेबांनी तो आपणास कागदोपत्री दाखविला आहे. फाळणी झाली तेव्हा बाबासाहेब भारताचे कायदेमंत्री होते आणि संविधानाच्या मसुद्याचे काम त्यांच्या खांद्यावर होते. तशा कामातही डिसेंबर १९४७ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून अस्पृश्य निर्वासितांची दैना मांडली. पाकिस्तानात सफाईचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांना तेथून बाहेर पडू दिले जात नव्हते, कारण ते गेले तर घाण कोण काढणार! आणि जे कसेबसे इकडे पोहोचले त्यांचे काय झाले? जे छावणीत राहतात त्यांनाच अन्नवस्त्राची मदत मिळेल, असा नियम होता. आणि छावणीचे अधिकारी अस्पृश्यांना छावणीत राहू देत नव्हते. नियम कागदावर कोणालाही वगळीत नव्हता. वगळण्याचे काम छावणीचे फाटक करीत होते.

म्हणून माझे तुम्हांला सांगणे आहे की "सरकारने इतके कोटी मंजूर केले" एवढे ऐकून समाधान मानू नका. पैसा मंजूर होणे वेगळे आणि तो माणसाच्या हातात पडणे वेगळे. मधल्या वाटेवर जात उभी असते, धर्म उभा असतो, ओळखीचा माणूस उभा असतो. त्यांना ओलांडून पैसा शेवटच्या झोपडीत गेला का, हे विचारणे हाच त्या पैशाचा खरा हिशेब होय.

आता आपण बंगालकडे वळू. तेथील एक ऋण आपल्या डोक्यावर आहे आणि पुष्कळांना ते ठाऊक नाही. १९४६ साली बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्यासाठी मुंबई प्रांतातून वाट मिळाली नाही. ते बंगालच्या विधिमंडळातून निवडून गेले. त्यासाठी जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खटपट केली. मंडल हे नमःशूद्र समाजाचे पुढारी. फाळणीत नमःशूद्रांची खेडी, बारिसाल, खुलना, फरीदपूर हा मुलूख, बहुतांशी पूर्व पाकिस्तानात गेला. मंडल पाकिस्तानचे कायदेमंत्री झाले. पण १९५० च्या दंगलींनंतर त्यांनी राजीनामा दिला आणि ते भारतात परत आले. ज्या समाजाने बाबासाहेबांना संविधान सभेचे दार उघडून दिले, तोच समाज पुढे निर्वासित झाला.

त्यांना काय मिळाले? ज्यांच्याजवळ पैसा आणि नातेवाईक होते ते कलकत्त्यात वसले. गरीब शेतकरी, म्हणजे मुख्यतः नमःशूद्र, छावण्यांत पडून राहिले. १९५८ साली केंद्र सरकारने दंडकारण्य प्रकल्प सुरू केला आणि त्यांना बस्तर-कोरापुटच्या जंगलात नेण्यात आले. सरकारने पैसा खर्च केला हे खरे. पण भाताच्या खाचरात आणि नदीच्या पाण्यात वाढलेल्या माणसाला खडकाळ माळावर नेऊन बसविताना त्याला कोणी विचारले नाही. ते जंगल ज्यांचे होते त्या आदिवासींनाही कोणी विचारले नाही. अखेर १९७८ साली हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून सुंदरबनातील मरीचझांपी बेटावर गेली. त्यांनी स्वतःच्या हातांनी झोपड्या, शाळा, दुकाने उभी केली. सरकारकडे त्यांनी मागितली ती केवळ राहण्याची परवानगी. जानेवारी १९७९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला आणि मे महिन्यात उरलेल्यांना हुसकावून लावण्यात आले. किती मेले याचा आकडा आजही वादात आहे. ज्यांच्या मतांचे ऋण आपल्यावर आहे, त्यांच्या मृत्यूचा हिशेबसुद्धा पुरा झालेला नाही.

ही माणसे आपल्यापासून दूर नाहीत. आजच्या गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, चामोर्शी या भागांत बंगाली निर्वासितांच्या वस्त्या आहेत. पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातींत आहेत, पण महाराष्ट्राच्या यादीत त्यांचे नाव नाही. गाव बदलले की सवलत गेली! हे दुःख आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? १९५६ साली आपण धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या सवलतींतून आपले नाव गेले. ते परत येण्यास १९९० साल उजाडावे लागले. आपण धर्म बदलला म्हणून आणि त्यांनी मुलूख बदलला म्हणून, दोघांनाही एकच उत्तर मिळाले की तुम्ही आमच्या यादीत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. "आमचे पैसे त्यांना का?" बंधूंनो, खजिना हा साहेबाचा नाही आणि शेठजीचाही नाही. १९७१ साली बांगलादेशातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्यांच्यासाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालाच्या पाकिटावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावयास लाविले. रेल्वेच्या प्रवासावर आणि वृत्तपत्रांवरही कर बसविला. हे कर १९७३ मध्ये उठले. मुंबईच्या चाळीतून गावी पत्र पाठविणाऱ्या गिरणीकामगारानेही ते पाच पैसे भरले. त्या पाच पैशांनी आपण कोणावर उपकार केला नाही, पण आपण दाते झालो. देणाऱ्याला हिशेब विचारण्याचा हक्क असतो. म्हणून "त्यांना का देता" असे विचारू नका. "त्यांना नियमाने द्या, आम्हांलाही नियमाने द्या आणि दोन्हींचा हिशेब दाखवा" असे विचारा. निर्वासिताच्या ताटातली भाकरी काढली तर आपल्या वस्तीत नळ येत नाही. आजवर कधी आला आहे का?

बाबासाहेबांनी संविधान घडविले तेव्हा शब्द तोलून वापरले. १५ व्या आणि १६ व्या अनुच्छेदांत "नागरिक" हा शब्द आहे. पण कायद्यापुढील समानतेचा १४ वा अनुच्छेद आणि जीविताच्या हक्काचा २१ वा अनुच्छेद "व्यक्ती"विषयी बोलतात. म्हणजे ज्याच्याजवळ नागरिकत्वाचा कागद नाही, त्याचाही जीव जीवच आहे. कर्णफुलीवरील काप्ताई धरणामुळे चटगावच्या डोंगरांत बुडालेले चकमा १९६४ साली भारतात आले. ते बहुतेक बौद्ध. त्यांना अरुणाचलमधून हाकलण्याची भाषा झाली तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने याच २१ व्या अनुच्छेदाच्या आधारे त्यांना संरक्षण दिले.

येथे काहींना आनंद होईल की बौद्धांचे रक्षण झाले. पण थांबा. २०१७ साली म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. त्यांना पळविणारे लष्कर ज्या देशाचे, तो देश स्वतःला बौद्ध म्हणवितो. आणि चीवर पांघरलेल्या काहींनी त्यांच्याविरुद्ध द्वेष पेरला. ते मुसलमान आहेत म्हणून आपण गप्प बसायचे काय? करुणेने धर्म विचारून दार उघडले तर ती करुणा राहत नाही. कॉक्स बाजारच्या छावण्यांत जगभरच्या वर्गणीवर या लोकांचे पोट चालते. २०२३ साली वर्गणी आटली तेव्हा माणशी महिन्याचे रेशन बारा डॉलरवरून दहावर आणि मग आठवर आणावे लागले. दात्याचा हात आखडला की लेकराचे ताट रिकामे होते. सुदत्त श्रेष्ठी थोर होता. अनाथांना पिंड देतो म्हणून जग त्याला अनाथपिंडिक म्हणू लागले. पण प्रत्येक श्रावस्तीत सुदत्त असतोच असे नाही. म्हणून जे राज्याचे कर्तव्य आहे ते दात्यावर सोडता येत नाही.

शेवटी "शरण" या शब्दाचा विचार करू. हिंदीत निर्वासिताला शरणार्थी म्हणतात. आपणही रोज त्रिशरण घेतो. पण आपले शरण म्हणजे लोटांगण नव्हे. तथागतांनी अखेरच्या दिवसांत भिक्खूंना हेच सांगितले की माणसाने स्वतःचा आधार स्वतः व्हावे. मदतीची कसोटी हीच धरावी. ज्या मदतीने माणूस वर्षानुवर्षे रांगेतच उभा राहतो ती अपुरी. जमीन, हत्यार, शाळा, भाषा, ओळखीचा कागद आणि शेजारी बसण्याची जागा देऊन त्याला स्वतःच्या पायांवर उभी करते ती खरी. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. त्यांना शेती मिळाली, गाव मिळाले, गोनपा उभारता आला. विदर्भातील उपासकांनी एकदा सहकुटुंब तेथे जावे. मुलांना दाखवावे की उखडलेले झाडसुद्धा मातीसकट लावले तर जगते.

आणि घरी काय करावे? आपल्या मुलांच्या तोंडी कोणा उपऱ्यासाठी शिवी येऊ देऊ नका. गावकुसाबाहेर राहिलेल्यांच्या नातवंडांनी दुसऱ्याला बाहेरचा म्हणावे, याहून मोठा स्मृतिभ्रंश नाही. जवळपास निर्वासितांची वस्ती असेल तर वैशाख पौर्णिमेला त्यांना विहारात बोलवा. ताट वेगळे मांडू नका, पंक्तीत बसवा. त्यांचा अर्ज अडला असेल तर आपल्यातील शिकलेल्या पोराने तो भरून द्यावा. ग्रामसभेत, तहसीलीत त्यांच्या नावाने प्रश्न विचारा, कारण त्यांना मत नसेल, तुम्हांला आहे. जोगेंद्रनाथ मंडलांच्या माणसांनी आपल्यासाठी मत वापरले होते. तुम्ही ते त्यांच्यासाठी वापरा.

नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची नावे उरत नाहीत, तसे संघात जातीचे नाव उरत नाही, असे भगवंतांनी सांगितले. नागपूरला धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी ते आपणास पुन्हा ऐकविले. समुद्र आलेल्या नदीला तू कोठून आलीस असे विचारीत नाही. आपण त्या समुद्रात शिरलो आहोत. तेव्हा मागून येणाऱ्या नदीला बांध घालू नका.

नमो बुद्धाय. जय भीम.