नडगीवरचा हात

थोडा वेळ बसा. खुर्चीत, पायरीवर, जमिनीवर, जिथे असाल तिथे. हात खाली न्या आणि तळवा नडगीवर ठेवा. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत सावकाश फिरवा. इथे मांसाची गादी नाही, कातडीखाली लगेच हाड लागतं. कॉटच्या कोपऱ्याला ठेचली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, ती हीच नडगी. हात तिथेच असू द्या.

आता बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रातली एक पहाट मनात आणा. अजून उजाडायचंय. अठरा-एकोणीस वर्षांचा एक रंगरूट खाटेच्या कडेवर बसून बुटाची नाडी आवळतोय. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत तो गावाकडच्या रस्त्यावर एकटाच धावायचा. भरतीला त्यानं 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढले, दहा पुल-अप्स मारले, नऊ फुटांचा खड्डा ओलांडला. ते एका सकाळचं काम होतं. इथे पीटी, परेड, पाठीवर पिट्टू घेऊन चाल, आणि उद्या पुन्हा तेच. प्रत्येक पावलाचा दणका टाचेतून वर चढतो आणि नडगीत मुरतो.

मुरलेल्या दणक्याचं पुढे काय होतं, ते पाहू.

जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त करताना गवंडी आधी ढिसूळ झालेले दगड काढतो, मग नवे बसवतो. हाडही असंच स्वतःला बांधतं. ताण वाढला की काही पेशी जुना भाग पोखरून काढतात. हे काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. मग दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरायला लागतात, आणि त्यांना तीन-चार महिने लागतात. म्हणजे बळकट होण्याच्या वाटेवर हाड काही काळ आधीपेक्षा कच्चं असतं.

इथे क्षणभर थांबा. भिंतीत भगदाड आहे, नवा दगड अजून बसलेला नाही, आणि वरून ओझं वाढतंय.

म्हणून धावणं टप्प्याटप्प्यानं वाढवावं लागतं, आणि मध्ये हलका दिवस ठेवावा लागतो. म्हणून पुरती झोप लागते, लंगरमध्ये, म्हणजे लष्कराच्या भोजनगृहात, पोटभर जेवण लागतं. अग्निवीर साडेसतराव्या वर्षीही भरती होऊ शकतो, आणि त्या वयात मुलाची हाडं अजून भरतच असतात. विश्रांतीला आपण कष्टातली सूट समजतो. खरं तर कष्टानं मागितलेलं हाड विश्रांतीतच तयार होतं.

आता मागे, 1855 सालात जाऊ. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरनं सैनिकांची सुजलेली, दुखरी पावलं पाहिली आणि त्याबद्दल लिहून ठेवलं. आत काय झालंय हे त्याला दिसणं शक्य नव्हतं, कारण क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चाळीस वर्षं होती. पुढे क्ष-किरणांनी दाखवलं की तळपायाच्या हाडाला बारीक तडा गेलेला असतो. त्याआधीही सैनिक लंगडत होते, आणि त्यांचं दुखणं खरंच होतं.

आजही असा तडा, पावलात असो की नडगीत, सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेवर दिसेलच असं नाही. तेव्हा पहिली खूण म्हणजे त्या रंगरूटाचं सांगणं.

नडगीवरचा तळवा उचला आणि एकच बोट टेकवा. स्नायू आंबतात तेव्हा दुखणं पसरलेलं असतं, बहुधा दोन्ही पायांत, आणि दोन-चार दिवसांत ओसरतं. हाडाचं दुखणं एका जागी बसतं, एका बोटाखाली मावतं. धावलं की वाढतं आणि पुढे पुढे रात्रीही ठसठसतं. हा फरक त्या मुलाला कळतो. तरी तो बोलत नाही. आठवडे बुडाले तर मागच्या बॅचमध्ये टाकतील. सोबतचे कसम परेडला उभे राहतील आणि आपण मागे राहू. गावानं भरतीच्या दिवशी उधळलेला गुलाल त्याला आठवतो. तो नाडी आणखी आवळतो.

त्याच्या जागी स्वतःला ठेवा. अशा वेळी 'उस्ताद, इथे दुखतंय' हे तीन शब्द किती जड असतात ते जाणवू द्या. मग उस्तादाच्या, म्हणजे त्याच्या प्रशिक्षकाच्या, जागी जा. समोर पन्नास मुलं, कोण कंटाळलंय आणि कोणाचं खरंच दुखतंय हे रोज ओळखायचं. तो थांबला, वाकला, 'बोट ठेवून दाखव' म्हणाला आणि मुलाला एमआय रूमला, म्हणजे तपासणीच्या दवाखान्यात, पाठवलं, तर काही आठवड्यांच्या आरामावर भागतं. हसण्यावारी नेलं तर तोच तडा आरपार जातो. सोसणं शिकवणारी शिस्त सांगणंही शिकवू शकते. जो स्वतःच्या पायाची खरी बातमी देतो, तो उद्या चौकीवरूनही खरी बातमी देईल.

आता हात मांडीवर घ्या. तुमच्या घरातलं, वाड्यातलं कोणी प्रशिक्षणात असेल तर त्याचा चेहरा आठवा. फोनची परवानगी मिळाली की आपण विचारतो, 'बरा आहेस ना?' आणि तिकडून 'हो' येतं. पुढच्या वेळी वेगळं विचारा. रात्री झोप लागते का? पाय कुठे दुखतो का? बोटानं दाखवता येईल अशी जागा आहे का? उस्तादांना सांगितलंस का?

आणि मग तो बोलेपर्यंत फोन कानाला तसाच धरून ठेवा.