जिज्ञासा : गुण की दोष?

पालक या नात्याने आपण या प्रश्नाचे उत्तर सोयीप्रमाणे देत असतो. पाठ्यपुस्तकापुरती जिज्ञासा गुण ठरते. मूल कादंबरी घेऊन कोपऱ्यात बसले की तीच दोष होते.

संत ऑगस्टीन प्रथमदर्शनी आपलीच बाजू घेतात. ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात त्यांनी जिज्ञासेची गणना डोळ्यांच्या वासनेत केली आहे. घरात बसले असता पाल माशी टिपते, कोळी जाळ्यात भक्ष्य गुंडाळतो आणि आपले चित्त तिकडे ओढले जाते, याचीही कबुली हा बिशप परमेश्वरापुढे देतो! पहिल्या भागात मात्र ते म्हणतात की, भाषा शिकण्यासाठी भीतीच्या सक्तीपेक्षा मुक्त जिज्ञासाच अधिक समर्थ असते. (सक्तीची गरजही ते लगेच मान्य करतात, हे प्रांजळपणे सांगावयास हवे.)

त्यांचा स्वतःचा अनुभव काय होता? इ.स. 373च्या सुमारास, वयाच्या 19व्या वर्षी, ते कार्थेज येथे वक्तृत्वशास्त्र शिकत होते. वडील निवर्तले होते. शिक्षणाचा खर्च आई मोनिका करीत होती. अभ्यासक्रमात सिसेरोचा ‘हॉर्टेन्शियस’ हा ग्रंथ होता. भाषेला धार यावी म्हणून तो हाती घेतला आणि शैली राहिली बाजूला, आशयानेच त्यांना धरले. सिसेरो ख्रिस्तपूर्व काळातला. ग्रंथात ख्रिस्ताचे नाव नाही. तरीही त्या वाचनाने आपल्या प्रार्थनांची दिशा पालटली, असे ते सांगतात. पुढे पवित्र शास्त्र उघडले, तर सिसेरोपुढे त्याची भाषा ओबडधोबड वाटून त्यांनी ते मिटले! बाप्तिस्मा व्हायला 387 साल उजाडावे लागले. ‘हॉर्टेन्शियस’ आज लुप्त आहे. तुटक उतारे तेवढे उरले आहेत.

पालीकडे पाहणारी जिज्ञासा आपल्याला होतो तेथेच ठेवते. पण त्या ग्रंथात ऑगस्टीन यांना सापडली ती स्वतःचीच तहान. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, खरी अडचण ही आहे. एका मूर्तिपूजकाच्या ग्रंथावर वाकलेला मुलगा पाहून मोनिकेला तरी काय कळले असते?

जपमाळेच्या वेळी मी एकदा मुलीच्या हातातली कादंबरी काढून कपाटावर ठेवली होती. ती त्यात काय शोधीत होती, हे विचारले नाही. आता ती सासरी असते. परवा विचारले, तेव्हा तिला कादंबरीचे नाव आठवेना; पुस्तक काढून घेतलेले मात्र आठवत होते.