मारका बैल आणि त्याचा धनी

निर्गमाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायांत मारक्या बैलाविषयीं एक नियम दिलेला आहे. आपल्या मंडळ्यांतील बहुतेक लोक शेतीवर पोट भरणारे असल्यामुळें तो फारसा उलगडून सांगावा लागत नाहीं. बैलानें कोणास शिंगानें भोसकून मारिलें तर त्या बैलास धोंडमार करावी, त्याचें मांस खाऊं नये; धनी मात्र निर्दोष समजावा. परंतु तो बैल पूर्वीपासूनच मारका असेल, धन्यास तशी सूचना मिळाली असेल, आणि तरीही त्यानें त्याला बांधून ठेविलें नसेल, तर बैलाबरोबर धनीही मरणदंडास पात्र होतो. पुढें मोबदला भरून जीव सोडविण्याची सवलत आहे खरी, तथापि दोष कोणाचा हें त्यानें बदलत नाहीं.

हा नियम नुकताच मला एका अनपेक्षित प्रसंगीं आठवला. आमच्याकडील एका तरुण उपदेशकानें मुंबईस असतां एक जुना अमेरिकन भयपट पाहिला होता. परत आल्यावर तो मला म्हणाला, "पाळकसाहेब, ज्याला सर्वांनीं लाथाडिलें, त्यानें उलटून लाथ मारिली तर त्याला दोषी कोणत्या तोंडानें म्हणावें?" प्रश्न विचारितांना त्याचे डोळे भरून आले होते. म्हणून मींही तो चित्रपट मिळवून पाहिला. वाचकांनीं तो पाहावा असें मी सुचवीत नाहीं. मुलांस तर तो दाखवूंच नये.

चित्रपटाचें नांव 'विलर्ड'. उत्तर आयर्लंडांतील स्टीफन गिल्बर्ट यांनीं १९६८ सालीं 'रॅटमॅन्स नोटबुक्स' नांवाची कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यावरून डॅनियल मॅन यांनीं १९७१ सालीं पहिला 'विलर्ड' काढिला. ग्लेन मॉर्गन यांनीं २००३ सालीं तीच कथा नव्यानें पडद्यावर आणिली. तिच्यांत विलर्डचें काम क्रिस्पिन ग्लोव्हर या नटानें केलें आहे. (जुन्या चित्रपटांत विलर्ड झालेले ब्रूस डेव्हिसन यांचें चित्र नव्यांत विलर्डच्या मृत पित्याचें म्हणून टांगलेलें आहे.) आमच्या उपदेशकानें पाहिला तो हा दुसरा.

विलर्ड आपल्या म्हाताऱ्या, आजारी आईबरोबर एका जुन्या मोडकळीस आलेल्या घरांत राहतो. ज्या कंपनीच्या उभारणींत त्याच्या बापाचा हात होता, तिच्यांत तो आतां साधा नोकर आहे, आणि कारभार मार्टिन नांवाच्या गृहस्थाच्या मुठींत आहे. हा मार्टिन त्याला चारचौघांदेखत टाकून बोलतो. घरीं आई, कचेरींत मार्टिन. या दोघांपलीकडे त्या बिचाऱ्याच्या नांवानें हाक मारणारें जवळजवळ कोणी नाहीं. तळघरांत उंदीर झाले म्हणून तो सांपळे लावितो. चिकट सांपळ्यांत एक पांढरा उंदीर अडकतो. त्याला मारावयास विलर्डचा हात होत नाहीं. तो त्याला सोडवितो, सॉक्रेटिस असें नांव देतो, आणि जन्मांत प्रथमच त्याला सोबती मिळतो.

हें पाहतांना मला नाथान संदेष्ट्याच्या दृष्टान्तांतील गरीब माणूस आठवला. त्याला एकच मेंढी होती. ती त्याच्या घांसांतला घांस खाई व त्याच्या उराशीं निजे. आपल्यांतील ज्याच्या घरीं एकच शेळी आहे, त्याला हें सांगावयास नको. पुढें मार्टिनला तो पांढरा उंदीर कचेरींत सांपडतो, आणि तो विलर्डच्या डोळ्यांदेखत त्याला ठार करितो. कोणी म्हणेल, एक उंदीर तो काय! पण श्रीमंतानेंही असेंच म्हटलें असेल कीं, एक मेंढी ती काय. येथें मार्टिनचें पाप मी तिळभरही हलकें करूं इच्छीत नाहीं. तरुण उपदेशकाचे डोळे येथेंच भरून आले असावेत, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकलें नाहीं.

परंतु नाथानाचा दृष्टान्त मेंढीपाशीं संपत नाहीं. तो ऐकून क्रोधानें लाल झालेला दावीद स्वतः कोण होता? उरीयाला त्यानें हातही लाविला नव्हता. यवाबास एक पत्र पाठविलें, उरीयाला लढाईच्या तोंडीं उभें करविलें, आणि तरवार चालविली ती अम्मोनी लोकांनीं. तरी संदेष्ट्यानें अम्मोन्यांस जाब विचारिला नाहीं. राजाकडेच बोट दाखविलें. दुसऱ्याच्या मेंढीसाठीं रडणारा मनुष्य त्याच वेळीं दुसऱ्याच्या हातानें खून करणारा असूं शकतो. विलर्डची गोष्ट तीच आहे. त्यानें उंदरांस आज्ञा पाळावयास शिकविलें होतें. आरंभीं त्यांच्याकडून मार्टिनच्या नव्या मोटारीचीं चाकें कुरतडविलीं. सॉक्रेटिस मेल्यावर तो सगळी फौज घेऊन कचेरींत गेला, आणि मार्टिन त्या दातांखालीं मेला. विलर्डच्या हातास रक्त लागलें नाहीं. आपला बैल मारका आहे हें मात्र त्याच्याइतकें दुसऱ्या कोणासही ठाऊक नव्हतें.

त्या बिचाऱ्या उंदरांकडे दोष जात नाहीं, याची साक्ष मला चित्रपटाबाहेर मिळाली. बेन नांवाच्या मोठ्या उंदराचें काम ज्या प्राण्यानें केलें, तो आफ्रिकेंतील गालांत पिशवी असणाऱ्या थोरल्या जातीचा आहे. त्याच्याच जवळच्या भाऊबंदांस टांझानिया देशांतील मोरोगोरो येथें आपोपो नांवाची संस्था जमिनींत पुरलेले सुरुंग हुंगून काढावयास शिकविते. त्यांचें वजन इतकें थोडें कीं त्यांचा पाय पडला तरी सुरुंग उडत नाहीं. यांतील मगावा नांवाच्या उंदरानें कंबोडियांत शंभरांहून अधिक सुरुंग व स्फोटक वस्तु शोधून दिल्या. २०२० सालीं त्यास ब्रिटनांतील एका प्राणिसेवा संस्थेनें सुवर्णपदक दिलें, आणि २०२२ च्या जानेवारींत तो मेला. ज्या शेतांत पाय टाकावयास माणसें भीत होतीं, तेथें त्याच्यामुळें पुन्हां नांगर चालूं शकला. तेंच नाक व तेच दांत, शिकविणारा निराळा.

आतां ज्या गोष्टीनें माझें मन अधिक अस्वस्थ झालें, ती सांगतों. ती मार्टिनच्या मरणाची नव्हे. ती बेनची आहे.

बेन हा सॉक्रेटिसहून मोठा, रंगानें काळसर व बुद्धीनें चलाख. फौज त्याच्या मागें चालते. विलर्डला तो कामास हवा असतो, पण जवळ नको असतो. सॉक्रेटिस विलर्डच्या खोलींत त्याच्या सोबतीस निजतो, आणि बेन तेथें आला तर त्यास खालीं तळघरांत धाडिलें जातें. मार्टिन विलर्डशीं याहून निराळें काय करीत होता? राबवून घ्यावें, जवळ करूं नये, आणि काम सरलें कीं टाकून द्यावें. मार्टिन मेल्यावर विलर्ड बेनला कचेरींतच सोडून पळतो, आणि घराचीं सर्व भोकें बुजवूं लागतो. ज्याला सर्वांनीं तळघरांत लोटिलें, त्याला स्वतःचें तळघर मिळाल्याबरोबर त्यानें त्यांत दुसऱ्यास लोटिलें. पुढें बेन चालून येतो यांत मला नवल वाटलें नाहीं.

मंडळ्यांस हें सांगण्याचें कारण आहे. आपले आजे-पणजे गांवाच्या वेशीबाहेर राहत होते. ज्या विहिरीवर त्यांनीं हात लाविला असता मार पडला असता, ती विहीर आपल्यापैकीं कित्येकांस अजून दाखवितां येईल. तेथून प्रभूनें त्यांस आपल्या मेजाजवळ बोलाविलें. आणि त्याच मेजाजवळ महारवाड्यांतून आलेला भाऊ मांगवाड्यांतून आलेल्या भावाबरोबर एका प्याल्यानें पिण्यास कचरला, हेंही नगर व सोलापूर भागांतील जुन्या मंडळ्यांस ठाऊक आहे. प्याल्याचा तंटा बहुतेक ठिकाणीं मिटला. सोयरिकीची गोष्ट निघाली म्हणजे मात्र अजून कित्येक वडील मंडळी खोंकून विषय बदलतात. आपण सोसलें म्हणून आपण कोणास सोसावयास लाविणार नाहीं, अशी आपली समजूत असते. पण सोसण्यानें मनुष्य आपोआप मऊ होत नाहीं. कांहीं होतात, कांहींस फक्त लाथ कशी मारावी तें कळतें.

त्या तरुणास मीं हें सर्व सांगितलें. विलर्डच्या दुःखाविषयीं त्याला वाटलेला कळवळा मोडूं नये म्हणून मीं जपून बोलत होतों, कारण उपदेशकापाशीं तेवढा कळवळा नसेल तर त्याचा उपदेश कोणीं ऐकावा? मीं म्हटलें, "दोषी म्हणावयाचें तें कळवळा बाजूस ठेवून नव्हे. दावीदालाही नाथानानें आधीं त्या गरिबाच्या कैवारानें पेटविलें, आणि मग दोषी म्हटलें."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानें दोन्ही चित्रपटांच्या शेवटांविषयीं विचारिलें, कारण जुना त्यानें पाहिला नव्हता. मीं सांगितलें कीं, जुन्यांत विलर्ड आपल्याच उंदरांकडून मरतो. नव्यांत तो वांचतो, पण वेड्यांच्या इस्पितळांत एकटा बसलेला दिसतो, आणि सॉक्रेटिससारखा एक पांढरा उंदीर पुन्हां त्याच्याजवळ येतो. मला हा दुसरा शेवट अधिक भयंकर वाटला. सर्व कांहीं घडून गेलें, आणि त्यांतून त्याला कांहींच कळलें नाहीं.

"आणि ती बाई?" त्यानें विचारिलें. कचेरींतील कॅथरिन नांवाची एक नवीन बाई विलर्डच्या सोबतीस म्हणून एक मांजर घेऊन त्याच्या दारीं आली होती. त्यानें तिला आंत घेतलें नाहीं, आणि मांजर उंदरांनीं मारिलें.

"ती आली होती तरी," मीं म्हटलें.

तेव्हां तो म्हणाला कीं, त्याच्या गांवीं मंडळीपासून तुटलेला एक गृहस्थ आहे. भावांशीं जमिनीवरून वांकडें आलें, बायको वारली, आणि तेव्हांपासून तो उपासनेस येत नाहीं. पोरें त्याला वेडा म्हणून धोंडे मारितात, आणि तो त्यांच्यावर कुत्रीं सोडितो. "मी एकदां गेलों होतों," तो म्हणाला, "त्यानें दार उघडिलें नाहीं. मग मी पुन्हां गेलों नाहीं."

मी कांहीं बोललों नाहीं. त्यानें पिशवी उचलली आणि त्याच्या गांवाची शेवटची एस. टी. किती वाजतां आहे तें विचारिलें.