दगड नेमका कधी सरकतो?

भौतिकशास्त्रातल्या उद्याच्या शोधांचा विषय निघाला की गप्पा हमखास वेगाकडे वळतात. ताऱ्यांपर्यंत पोहोचणारे यान, रुळाला न टेकता धावणारी रेल्वे, इंधनाशिवाय चालणारे इंजिन. गतीचा सर्वांत अवघड प्रश्न मात्र अगदी दुसऱ्या टोकाला आहे. वर्षानुवर्षे जागचा न हललेला खडक एका विशिष्ट क्षणीच का सरकतो, आणि तो क्षण आधी ओळखता येतो का? या प्रश्नाचे उत्तर जिथे हाती लागू शकेल अशा जागा जगात मोजक्या आहेत. सातारा जिल्ह्यातला पाटण तालुका आणि त्याला लागून असलेला सांगलीतला वारणेचा काठ ही त्यांतली एक.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. पाटण तालुक्यातले कोयनानगर साखरझोपेत असताना ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसे गेली, वसाहतीतली घरे जमीनदोस्त झाली. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला वरच्या भागात आडवे तडे गेले, पण धरण उभे राहिले. त्याचा आराखडा करताना भूकंपाचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या विसाव्या हिश्श्याइतका धरला होता. धरणाच्या आतल्या बोगद्यात बसवलेल्या यंत्राने त्या पहाटे नोंदवलेला झटका गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मा होता. पुढे धरणाला मागच्या बाजूने टेकू देऊन ते मजबूत केले गेले. यंत्राने टिपलेली ती नागमोडी रेघ मात्र जगभर पोहोचली. काँक्रीटच्या धरणावर भूकंपाचा परिणाम कसा होतो हे शिकताना परदेशातले अभियंतेही आज संगणकावर कोयनेचेच धरण हलवून पाहतात.

तोवर पुस्तकांत दख्खनचे पठार म्हणजे अचल भूमी, असेच शिकवले जाई. धरणामागचा शिवसागर जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला आणि खोऱ्यातल्या लोकांना जमिनीखालचा गडगडाट ऐकू येऊ लागला. धरणाच्या पाण्याने भूकंप होतो का, यावर मग मोठा वाद झाला. चीनमधील शिनफंगजियांग, आफ्रिकेतील करिबा, ग्रीसमधील क्रेमास्ता आणि आपले कोयना, एवढ्याच जलाशयांपाशी सहाहून अधिक तीव्रतेचे धक्के बसल्याचे मानले जाते. त्यांत कोयनेचा सर्वांत मोठा.

पाण्याचे वजन खडक फोडते, ही समजूत आजही गावोगाव ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, पण थोडे. खडकातला ताण शेकडो-हजारो वर्षांपासून साठत आलेला असतो, धरण तो निर्माण करत नाही. फटीच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबल्या गेलेल्या असतात आणि त्यांच्यातले घर्षण त्यांना धरून ठेवते. जड लोखंडी कपाट ढकलताना ते आधी अजिबात हलत नाही, आणि मग एकदम वीतभर पुढे जाते, तसाच हा प्रकार. जलाशयाचा दाब भेगाभेगांतून खाली उतरतो, फटीतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि दोन्ही बाजूंची एकमेकींवरची पकड सैल होते. जो खडक आधीच सरकण्याच्या बेतात आहे, त्याला एवढे निमित्त पुरते. म्हणूनच कोयना-वारणा भागात पावसाळ्यात जलाशय भरल्यावर धक्क्यांचे प्रमाण वाढते, आणि हिवाळ्यात पुन्हा एकदा.

घर्षणाचे नियम आमोंताँने १६९९ मध्ये मांडले, कुलोंने पुढच्या शतकात पक्के केले, शाळकरी मुलांनाही ते पाठ असतात. तरीही स्थिर घर्षण मोडून गती सुरू होते त्या क्षणात काय घडते, हे पुरते उलगडलेले नाही. गेल्या अर्धशतकातल्या प्रयोगांतून एवढे दिसले की घर्षण ही ठरीव संख्या नाही. पृष्ठभाग किती वेळ एकमेकांना टेकून होते आणि ते किती वेगाने सरकत आहेत, यावर ते बदलते. म्हणजे खडकाच्या फटीला स्वतःची एक आठवण असते. ती वाचता आली तर भूकंपाचे भाकीत शक्य आहे. आली नाही, तर तो कायमचा जुगार.

जगाने हा जुगार खेळून पाहिला आहे. चीनमध्ये फेब्रुवारी १९७५ मध्ये हाइचेंगच्या लोकांना वेळीच घराबाहेर काढले गेले, त्यामुळे पुष्कळ जीव वाचले. पुढच्याच वर्षी तांगशानला कोणतीही सूचना मिळाली नाही आणि सरकारी आकड्यांनुसार २ लाख ४२ हजार माणसे मेली. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला १९९३ पूर्वी धक्का बसणार असे हिशेब मांडून सांगितले होते. तो आला २००४ मध्ये. फ्रेंच संशोधकांनी २०२३ मध्ये जगभरच्या मोठ्या भूकंपांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा धक्क्याआधी दोन तास जमीन हळूहळू सरकू लागते असे वाटले, पण तो मोजमापातला गोंगाट असल्याचे इतरांनी दाखवून दिले. इतकी ठेच लागल्यावर बऱ्याच शास्त्रज्ञांनी भाकिताचा नाद सोडला, यात नवल नाही.

कोयनेने हा नाद सोडू नये, यासाठी भक्कम कारणे आहेत. इथली हालचाल साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या तुकड्यात एकवटलेली आहे. आजूबाजूला दुसरा भूकंपाचा उगम नाही. धक्के बहुतेक दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर होतात आणि साठ वर्षे झाली तरी थांबलेले नाहीत. पाचहून अधिक तीव्रतेचे धक्केच वीसच्या पुढे गेले आहेत. वारणेवरचे चांदोली धरण १९८५ पासून भरू लागले आणि १९९३ नंतर धक्के दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूला सरकले. निसर्गानेच मांडलेला प्रयोग याहून नेटका कुठे मिळणार? हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता आणि त्यांचे सहकारी इथल्या लहान धक्क्यांच्या झुंडीवरून चार तीव्रतेच्या धक्क्याचा अंदाज बांधू लागले, आणि २००६ मध्ये असा एक अंदाज खराही ठरला. एकदा खरा ठरणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे, पण दार किलकिले झाले.

पुढची पायरी म्हणजे थेट खाली उतरणे. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा उभी आहे. तिच्या कामाचा पाया म्हणजे आधी घेतलेली सुमारे दीड किलोमीटर खोलीची छिद्रे. त्यांतून निघालेले खडकाचे दंडगोल क्रमाने पाहिले तर सह्याद्रीचा इतिहास उलटा वाचता येतो. वर काळा कातळ, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये भाजल्यासारखा लालसर मातकट पट्टा, पुन्हा कातळ. मग सव्वा किलोमीटरच्या आतच, मध्ये गाळाचा कोणताही थर नसताना, एकदम करडा-गुलाबी ग्रॅनाइट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थेट अब्जावधी वर्षांच्या खडकावर बसलेला. गोठणे गावी डिसेंबर २०१६ ते जून २०१७ या काळात ३,०१४ मीटर खोल चाचणी छिद्र घेतले गेले. लक्ष्य सहा किलोमीटरचे आहे, म्हणजे जिथे धक्के जन्मतात तिथवर.

तिथे पोहोचून काय मिळेल? फटीशेजारी बसवलेली यंत्रे दाब, तापमान आणि सूक्ष्म कंपने वर्षानुवर्षे टिपतील. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत संगणकाने नकली फटीतला बारीक आवाज ऐकून पुढची घसरण किती वेळात होणार हे ओळखून दाखवले आहे. खऱ्या फटीत हे जमेल का, याची परीक्षा घ्यायला कोयनेइतकी चांगली जागा नाही. त्याहून मूलभूत प्रश्नही तिथेच सुटू शकतो. दोन तीव्रतेचा धक्का आणि सहा तीव्रतेचा धक्का पहिल्या क्षणी सारखेच असतात का? सारखे असतील, तर खडकालाही ठाऊक नसते की आपण कुठवर सरकणार आहोत, आणि मग नेमके भाकीत कधीच होणार नाही. वेगळे असतील, तर भौतिकशास्त्राचा एक नवा अध्याय पाटण तालुक्यात लिहिला जाईल. उत्तर काहीही आले तरी तो मोठाच शोध असेल.

आणखी धाडसी शक्यता भूकंप आवरण्याची. अमेरिकेत कोलोराडोतल्या रेंजली तेलक्षेत्रात १९७० च्या सुमारास खोल विहिरींत पाणी दाबून सोडले तेव्हा लहान धक्के वाढले, पाणी काढले तेव्हा ते थांबले. उद्या जलाशय किती वेगाने भरायचा आणि रिकामा करायचा, हे वीज आणि सिंचनाबरोबर खडकाची पकड पाहूनही ठरवले जाऊ शकेल. कोयनेची १,९६० मेगावॉट वीज पाहता हा निर्णय सोपा नसेल, पण त्याचे गणित मांडायला आताच हात घालायला हवा.

आजची तंत्रे इथे फारशी उपयोगी नाहीत. धक्का सुरू होताच दिली जाणारी जपानसारखी सूचना कराड-साताऱ्याला जेमतेम पाच-दहा सेकंद देईल. कोयनानगरला तेवढेही नाहीत, कारण उगम पायाखालीच. म्हणून इथल्या लोकांना काही मिळायचे असेल तर ते दिवसांच्या अंदाजातूनच, आणि तो अंदाज नेमक्या वेळेचा नसेल, ‘येत्या आठवड्यात शक्यता नेहमीच्या वीसपट’ अशा भाषेत येईल. इटलीत लाक्विलाला २००९ च्या भूकंपाआधी लोकांना दिलेल्या दिलाशामुळे शास्त्रज्ञांवर खटला चालला, शिक्षा झाली आणि ती २०१४ मध्ये अपिलात रद्द झाली. वीसपट म्हटल्यावर शाळा बंद ठेवायची का, जुन्या मातीच्या घरातल्या म्हाताऱ्यांना कुठे न्यायचे, ही सूचना कोणी, कोणत्या शब्दांत द्यायची? पाटण तालुक्यात नातवंडांच्या हाती अजूनही भूकंपग्रस्ताचा दाखला आहे. त्यांच्या ग्रामसभांपुढे हे प्रश्न ठेवायला सहा किलोमीटरचे छिद्र पुरे होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. तहसीलदार, शिक्षक आणि हजारमाचीचे शास्त्रज्ञ एकत्र बसले तर त्या सूचनेचा मराठी मसुदा याच हिवाळ्यात तयार होऊ शकतो.