जखम भरली, व्रण राहिला



आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला घरोघरी जातो तेव्हा एक गाऱ्हाणे वारंवार कानी पडते. “फादर, ऑपरेशनचे टाके काढून तीन महिने झाले, तरी व्रण ओढतो, खाजतो. घरचे म्हणतात, आता काय दुखते? माझाच विश्वास कमी पडतो का?”

नाही. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत जुळते. पण आतला व्रण वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ बदलत असतो. म्हणून ताण, खाज, बधिरपणा जाणवतो. हा विश्वासाचा अभाव नव्हे. देवाने शरीराला दिलेली बरे होण्याची ही संथ रीत आहे.

योहानलिखित शुभवर्तमानाचा 20 वा अध्याय उघडा. पुनरुत्थित प्रभू शिष्यांसमोर उभा राहिला, तेव्हा मृत्यूवर विजय मिळवलेल्या त्या शरीरावर खिळ्यांच्या आणि भाल्याच्या खुणा होत्याच. प्रभूने त्या लपवल्या नाहीत. थोमाला जवळ बोलावून दाखवल्या. आपण मात्र लाजेपोटी दुखणे डॉक्टरांपासूनही लपवतो.

शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, तर त्याची निगा राखणे हेही भक्तीचेच काम. जखम पूर्ण सुकल्यावर, डॉक्टरांना विचारून, साधे मलम लावून व्रण बोटांनी हलके चोळावा. पोटाचे ऑपरेशन असेल तर खोकताना पोटाशी उशी धरावी. कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावे. डॉक्टरांनी होकार देईपर्यंत भरलेला हंडा किंवा सिलिंडर उचलू नये. लाली पसरली, पू आला, ताप चढला किंवा दुखणे वाढतच गेले, तर नोव्हेना जरूर करा. पण त्याच दिवशी डॉक्टरकडेही जा.

गुडघे टेकता येत नाहीत म्हणून मिस्सा चुकवू नका. बाकावर बसून केलेली प्रार्थनाही प्रभू ऐकतो.

आणि घरच्यांनो, “अजून दुखते?” हाच प्रश्न कुरकुरीने विचारता येतो आणि मायेनेही. या आठवड्यात तो मायेने विचारा, उत्तर ऐकून घ्या, आणि तिच्या हातातला हंडा आपल्या हाती घ्या.

हे प्रभू येशू, तुझ्या जखमांच्या पुण्याईने आमच्या आजाऱ्यांना धीर दे आणि आम्हांला त्यांच्या वेदनेची जाण दे. आमेन.

तुमचा धर्मगुरू